हळू, हल्लू, मेल्लगा

अक्का फार भराभर चालत. हैदराबादच्या हिमायतनगरहून स्कूटर हाणत यायच्या, हेल्मेट काढता काढता जिना चढायच्या आणि वॉर्डाच्या दारात पोचेपर्यंत त्यांची निम्मी चौकशी झालेली असायची. जेवणही उभ्यानंच. पोळीची गुंडाळी एका हातात, दुसऱ्या हातात कुणाचा तरी रिपोर्ट. बोलायच्या इतक्या घाईनं की एकाच वाक्यात मराठी, दक्खिनी उर्दू आणि तेलुगू एकमेकींना धक्के देत बाहेर पडत. घरून फोन आला तर पलीकडच्याचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत यांचं उत्तर देऊन झालेलं असे.

एवढ्या घाईच्या बाईला मी एकाच ठिकाणी संथ झालेलं पाहिलं. पेशंटच्या उशाशी, हातात इंजेक्शन असताना.

प्रमिला उमरीकर हे त्यांचं नाव फक्त ड्यूटीच्या पाटीवर असे. बाकी सगळ्यांच्या तोंडी अक्का. तेलुगूतही अक्का म्हणजे थोरली बहीण आणि आपल्यातही, त्यामुळे भाषांतराचा प्रश्न कुणालाच पडला नाही. नारायणगुड्याजवळच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात त्या मेडिकल वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टर होत्या. मी लग्न होऊन नांदेडहून हैदराबादला आले आणि तिथं स्टाफ नर्स म्हणून लागले. माझं मराठी ऐकल्याबरोबर त्यांनी विचारलं, "कुठली गं तू?" मी सांगितलं. "मग जवळचीच की," असं म्हणून त्या पुढच्या कॉटकडे निघूनही गेल्या. माझं स्वागत एवढंच.

आमच्या वॉर्डात हृदय नाहीतर किडनी थकलेली माणसं जास्त. पाय सुजून खांबासारखे झालेले, छातीत पाणी भरलेलं, आडवं झालं की जीव गुदमरतो म्हणून रात्र रात्र बसून काढलेली. अशांना लघवी होऊन अंगातलं पाणी उतरावं म्हणून शिरेतून इंजेक्शन देतात, फ्युरोसेमाइडचं. त्याचा गुण लगेच दिसतो. सकाळी धापा टाकत आलेला माणूस दुपारी उशीवर डोकं टेकून घोरायला लागतो. आमच्या हातून इतक्या वेळा दिलं जायचं, की त्याचा धाकच वाटेनासा होई. अक्कांना नेमकी तीच भीती होती.

"पाणीच तर काढायचंय, असं वाटतं ना?" त्या म्हणायच्या. "पाण्याबरोबर पोटॅशियम जातंय, बीपी जातंय. भसकन ढकललं तर माणसाचे कान जातेत. नळ सोडायला आलीस का तू इथं?"

पहिल्या दिवशी त्यांनी मला कशालाही हात लावू दिला नाही. नुसतं बघायला लावलं. यादगिरी नावाचे एक रिक्षावाले होते. अक्कांनी आधी त्यांना त्यांचं नाव विचारलं, मनगटावरची पट्टी वाचली, बीपी घेतलं, सकाळचा रक्ताचा रिपोर्ट पाहिला, औषधाची कुपी उजेडाकडे धरून दोनदा वाचली. शिरेतली सुई नीट आहे ना, हे थोडं सलाईन सोडून बघितलं. मग स्टूल ओढलं आणि त्यावर बसल्या. हे बसणं त्यांच्या नियमातलं. उभ्यानं दिलं की हात घाई करतो, असं त्यांचं म्हणणं. बसल्यावर त्यांनी यादगिरींना त्यांचं गाव कोणतं, ते तेलुगूत विचारलं.

यादगिरी सांगायला लागले. गाव, गावातला तलाव, तलावात घुसून बाहेरच न येणारी त्यांची म्हैस. तिला बाहेर काढायला म्हाताऱ्या आईला यावं लागायचं, कारण म्हैस फक्त तिचंच ऐकायची. ते सांगत राहिले, अक्का हुंकार देत राहिल्या आणि त्यांचा अंगठा दिसेल न दिसेल असा पुढे सरकत राहिला. म्हैस तलावाबाहेर आली, तेव्हा कुठं सिरिंज रिकामी झाली.

बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "त्याची गोष्ट व्हायच्या आधी तुझं औषध संपलं तर समजायचं, घाई केलीस."

हळू, हल्लू, मेल्लगा. मराठी मुलींना पहिला शब्द, दक्खिनी बोलणाऱ्यांना दुसरा, तेलुगू मुलींना तिसरा. बऱ्याचदा तिन्ही शब्द ओळीनं, वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जातील असे. पेशंटांनाही ते पाठ झाले होते. एखादी नवी मुलगी सिरिंज घेऊन आली की शेजारच्या कॉटवरचे आजोबा आपण होऊन म्हणायचे, "मेल्लगा अम्मा, मेल्लगा."

या पद्धतीमुळे आमच्या वॉर्डात एक गंमत झाली. कुणाच्या मुलीचं लग्न अडलंय, कुणाचं भावाशी पटत नाही, कोण तरुणपणी कुस्ती खेळायचं, हे सगळं आम्हाला ठाऊक असे. राउंडला आलेल्या श्रीनिवास सरांना पेशंटबद्दल काही विचारायचं असलं तर केसपेपरच्या आधी ते अक्कांकडे बघत. श्रीनिवास सर आमचे मोठे डॉक्टर. शांत माणूस. अक्कांचं आणि त्यांचं एकदा जोरदार वाजलं, ते पुढे सांगते.

रोज सकाळी चहाच्या आधी प्रत्येकाचं वजन करायचं, हा त्यांचा आणखी एक हट्ट. किती पाणी उतरलं ते काट्यावर दिसतं. एका आजींचं वजन उतरायचं नाव घेईना. इंजेक्शन नीट चाललेलं, लघवीही होत होती, तरी पाय तसेच. अक्का त्यांच्या कॉटभोवती दोन फेऱ्या मारून थांबल्या, नाकानं हवा ओढली आणि उशीखाली हात घालून गोंगुऱ्याच्या, म्हणजे अंबाडीच्या, लोणच्याची बाटली बाहेर काढली. वर तेलाचा तवंग आणि आत अंगात पाणी धरून ठेवणारं मीठच मीठ. सुनेनं गुपचूप आणून दिलेली. अक्का रागावल्या, पण बाटली फेकली नाही. सुनेला परत देताना हळूच म्हणाल्या, "वास तर फार चांगला आहे गं. घरी कुणी बीपीवाला नसेल तर खा." आजी दिवसभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

जमीला बींची गोष्ट मी अजून नव्या मुलींना सांगते. नामपल्लीकडच्या होत्या, सत्तरीच्या पुढच्या. पायावर सूज, बोलताना दम लागायचा. इंजेक्शनची वेळ झाली की हात दुपट्ट्यात गुंडाळून घ्यायच्या आणि तोंड भिंतीकडे. मुलगा हात जोडायचा, सून रडायची. "अम्मी जिद्दी है," एवढंच दोघं सांगत. सर येऊन समजावून गेले, तरी नाहीच. शेवटी केसपेपरवर 'पेशंटचा नकार' असं लिहायची वेळ आली.

अक्कांनी मुलाला चहा प्यायला खाली पाठवलं, पडदा ओढला आणि स्टूलवर बसल्या. हातात काहीच नव्हतं.  शेवटी जमीला बी आपण होऊन, भिंतीकडे तोंड ठेवून म्हणाल्या, "मेरेकू नक्को वो सुई."

"हौ अम्मी, नक्को तो नक्को. पन कायकू नक्को, वो तो बोलो."

"सुई दिये बाद कित्ते बार उठना पडता. वहाँ तक जाते जाते कपडे खराब होते. मर्दां घूमते रहते बाहर. कल एक बच्चा मेरेकू पकडके लेके गया." त्यांनी दुपट्टा आणखी घट्ट गुंडाळला. "शरम आती बेटी. मरी तो भी चलता."

बाथरूम वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला. मधे पुरुषांच्या कॉट, वॉर्डबॉय, भेटायला आलेली माणसं. आम्ही औषधाचा हिशेब करत होतो, त्या वाटेचा विचार कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. आदल्या दिवशी त्या तिथंच लटपटल्या होत्या आणि एका वॉर्डबॉयनं बिचाऱ्यानं मदतच केली होती, पण त्यांना तो सगळ्यात मोठा अपमान वाटला होता.

अक्का उठल्या आणि मग त्यांचा नेहमीचा वेग सुरू झाला. भिंतीकडच्या कोपऱ्यातली कॉट रिकामी करून घेतली. दोन्ही बाजूंनी पडदे. कमोडची खुर्ची कॉटला लागून. त्या कोपऱ्यात फक्त बायका जातील, असं सगळ्यांना बजावलं. श्रीनिवास सरांशी बोलून इंजेक्शनची वेळ सकाळच्या नमाजनंतरची ठरवली, म्हणजे दिवसाउजेडी, घरची माणसं नसताना सगळं आटपेल. "उठायचं तर आधी घंटी वाजवायची, पाय खाली सोडून जरा बसायचं, मगच उभं राहायचं," हे जमीला बींकडून वदवून घेतलं. म्हातारीनं दुपट्ट्यातून हात काढला. अक्कांनी इंजेक्शन द्यायला सुरुवात केली आणि विचारलं, "अम्मी, शादी किधर हुई तुमारी?" त्या कहाणीत नवरदेवाची घोडी बिथरून एका मिठाईच्या दुकानात शिरली होती. पडद्याआडून दोघींचं हसणं वॉर्डभर ऐकू आलं. घरी जाताना जमीला बींच्या पायांत पुन्हा त्यांच्या स्वतःच्या चपला बसत होत्या.

हे सगळं ऐकून वाटेल की अक्का कधी चुकतच नसत. तसं नव्हतं. श्रीनिवास सरांशी वाजलं ते असं. एका पेशंटला इंजेक्शन लिहिलं होतं आणि त्याचं बीपी चांगलंच खाली आलेलं. अक्कांनी इंजेक्शन थांबवलं आणि सरांना बोलावलं. इथवर बरोबर. सर आले, छाती तपासली, मानेच्या शिरा बघितल्या आणि म्हणाले, "द्यावं लागेल." अक्का आडव्या आल्या. "सर, बीपी बघा तरी! याला आणखी कोरडा करायचा का?" सगळ्यांच्या देखत, मोठ्या आवाजात. सर एरवी शांत, पण त्या दिवशी तेही चिडले. मग स्वतःला आवरून म्हणाले, "सिस्टर, हा कोरडा नाही. पाण्यात बुडतोय. हृदय पंपच करत नाही म्हणून बीपी खाली आहे. आधार द्यायला दुसरं औषध चालू करू, मी इथंच उभा राहतो, तुम्ही द्या."

अक्कांनी दिलं. सर खरोखरच हलले नाहीत. तासाभरात त्या माणसाचे निळे पडलेले ओठ जरा बरे दिसायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटी बदलताना त्यांनी आम्हा सगळ्यांना गोळा केलं आणि सरांनाही थांबवून घेतलं. "काल मी चुकले. थांबवलं ते ठीक, पण सरांनी तपासून सांगितल्यावर अडून बसले ते चूक. आता सर आपल्याला मानेची शीर बघून अंगातलं पाणी कसं ओळखायचं ते दाखवतील." सर लाजले. पण त्यांनी दाखवलं, पुन्हा पुन्हा, प्रत्येकीला जमेपर्यंत. तिथून पुढे बीपी खाली दिसलं की अक्का आधी पेशंटच्या मानेकडे बघायच्या.

घरचं त्या फारसं बोलत नसत. त्यांचे वडील इथलेच जुने वकील, नाना. मुलीनं लोकांची मलमूत्राची भांडी उचलावीत हे त्यांना कधी रुचलं नाही. नातेवाइकांत सांगायचे, मुलगी दवाखान्याच्या ऑफिसात आहे. म्हातारपणी तेच सुजलेले पाय घेऊन अक्कांच्या वॉर्डात आले. अक्का त्यांना इंजेक्शन दुसऱ्या नर्सकडून देववत. एका सकाळी नाना म्हणाले, "तूच दे. आणि सगळ्यांना विचारतेस ना काहीतरी, तसं मलाही विचार."

अक्कांनी स्टूल ओढलं आणि औषध द्यायला घेतलं. नानांनी आपणच सांगायला सुरुवात केली. ती नोकरीवर लागली त्या पहिल्या दिवशी ते कोर्टातून परस्पर दवाखान्याच्या फाटकापाशी येऊन उभे राहिले होते. ती पांढऱ्या कपड्यांत बाहेर आली, मैत्रिणींशी हसत रस्ता ओलांडून गेली. ते तिला न भेटताच घरी परतले आणि ती आल्यावर तिच्याशी नेहमीसारखेच तुटक वागले. "चांगली दिसत होतीस," नाना म्हणाले. हे मला सांगताना अक्का पलीकडे खिडकीकडे बघत होत्या. "सिरिंज हातात होती म्हणून बरं," म्हणाल्या, "नाहीतर रडले असते मी."

आणि मग लावण्याचं प्रकरण झालं.

लावण्या करीमनगरकडची, हुशार मुलगी, चटपटीत. बोधनकर गुरुजी नावाचे एक गृहस्थ तेव्हा आमच्याकडे होते. मुलांना गाणं शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. किडनी अधू झालेली, त्यात एक असं अँटिबायोटिक चालू होतं, जे कानांना त्रास देऊ शकतं. त्यांना इंजेक्शनचा मोठा डोस लिहिला होता, तो पंपावर, म्हणजे सिरिंज आपोआप हळूहळू ढकलणाऱ्या यंत्रावर, लावून सावकाश द्यायचा. वॉर्डात पंप कमी. त्या दुपारी शेजारच्या पेशंटची नाडी लागेना, धावपळ उडाली, मोकळा पंप तिकडे गेला. अक्का सुपरिंटेंडेंटांच्या मीटिंगला गेलेल्या. लावण्यानं गुरुजींचं औषध हातानं ढकललं आणि पलीकडे पळाली.

थोड्या वेळानं गुरुजींनी तिला हाक मारली. "बाळा, हा भोंगा कुणी लावला गं?" वॉर्डात कुठलाही भोंगा वाजत नव्हता. ती काहीतरी बोलली ते त्यांना नीट ऐकू गेलं नाही. तिचे फक्त ओठ हलताना दिसत होते.

अक्का परत आल्या तेव्हा लावण्या औषधांच्या खोलीत भिंतीला टेकून उभी होती. "तप्पु अयिंदी, अक्का. चूक झाली." अक्कांनी तिला आधी पाणी दिलं. मग सरांना बोलावलं, औषध थांबवलं, अँटिबायोटिक बदललं, कानांच्या डॉक्टरांना निरोप धाडला. हे सगळं होईपर्यंत व्यवस्थापकांचा माणूस येऊन पोचला. त्याचं म्हणणं सरळ होतं. गुरुजींचं वय झालंय, किडनीचा आजार आहे, कान त्यानंही जाऊ शकतात, घरच्यांना तसंच सांगा.

अक्का गुरुजींच्या मुलाला कॉटपाशीच घेऊन आल्या. गुरुजींना ऐकू येत नव्हतं म्हणून एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहीत गेल्या आणि तेच मुलाला तोंडानं सांगत गेल्या. औषध सावकाश द्यायचं होतं, ते आमच्या हातून घाईनं गेलं, त्यानं कान बधिर झालेत. बहुतेकांचे परत येतात, पण येतीलच असा शब्द देता येत नाही. वॉर्ड माझा आहे, जबाबदारी माझी.

मुलगा पेटला. "कोण ती? नाव सांगा. तिची नोकरी घालवतो." अक्का म्हणाल्या, "माझं नाव लिहा." त्यानं लिहिलं.

पुढचे दिवस फार वाईट गेले. गुरुजी तळव्यानं कान दाबून, सोडून बघत. बोटांनी कॉटच्या लोखंडावर टकटक करत, मग मान हलवत. हळूहळू आवाज यायला लागले. आधी भांड्यांचा, मग माणसांचा. घरी जाईपर्यंत बोलणं ऐकू येत होतं. डाव्या कानातली वरच्या पट्टीतल्या सुरांची धार मात्र आली नाही ती नाहीच. "पोरांचा वरचा सा आता उजव्या कानानं पकडतो," ते म्हणाले. कुणाला बोचावं म्हणून बोलले नव्हते, तरी बोचलं.

चौकशी झाली. लावण्याची नोकरी राहिली. अक्कांचं इनचार्जपद काढून घेतलं आणि त्यांना तळमजल्यावर, अवजारं निर्जंतुक करायच्या खोलीत पाठवलं. त्या कशालाही नाही म्हणाल्या नाहीत. फक्त व्यवस्थापकांना एक विचारलं, "पंप कधी घेताय?" आणि भेटतील तिथं, जिन्यात, फाटकाशी, कॅन्टीनमध्ये, तेच विचारत राहिल्या. त्यांना बघून तो गृहस्थ वाट बदलायला लागला. शेवटी पंप आले. दुपारी जेवायला त्या डबा घेऊन वर आमच्याकडे यायच्या, उभ्यानं खायच्या, लावण्याच्या पाठीवर एक थाप मारायच्या आणि जायच्या.

काही महिन्यांनी बोधनकर गुरुजी पुन्हा पाणी साठून भरती झाले. मुलगा तोच, चेहरा तसाच कठोर. पंप तयार करून मी सुई जोडायला गेले, तर गुरुजींनी हात मागे घेतला. "ती लावण्या कुठाय? तिला बोलवा." मुलगा म्हणाला, "बाबा, कशाला?" गुरुजी म्हणाले, "अरे, माझ्याबाबतीत आता तिच्याएवढं जपून कोण देणार?" लावण्या आली. तिनं सगळं दोनदा तपासून नीट लावलं आणि औषध पुरं जाईपर्यंत त्यांच्याजवळ बसून राहिली. गुरुजींनी तिला विचारलं, "गाणं येतं का काही?" तिनं हळू आवाजात एक तेलुगू अंगाईगीत म्हटलं. ते उजवा कान तिच्याकडे करून ऐकत होते. जिन्याच्या दाराशी अक्का उभ्या होत्या. त्या आत आल्या नाहीत.

पुढे त्यांना वॉर्ड परत मिळाला आणि थोड्याच काळात त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या समारंभात बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा दोनच वाक्यं बोलल्या आणि समोसे गार व्हायलेत म्हणून खाली बसल्या. वर्षभरानंतर त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. फार त्रास न होता गेल्या, असं त्यांच्या मिस्टरांनी सांगितलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या आधीच्या थंडीत, नामपल्लीला दरवर्षी जत्रेसारखं प्रदर्शन भरतं, तिथं. संध्याकाळ होती. माझा मुलगा मोठ्या पाळण्यात बसायचं म्हणून मागे लागला होता. आम्ही रांगेत होतो आणि वर बघितलं तर अक्का. मोरपिशी साडी, केसांत मोगऱ्याचा गजरा. ड्यूटीवर कधीच न दिसलेला. शेजारी त्यांचे मिस्टर पाळण्याची दांडी घट्ट धरून, डोळे मिटून बसलेले. अक्कांनी दोन्ही हात हवेत सोडलेले होते. पाळणा माथ्यावर जाऊन खाली यायला लागला आणि त्या तोंड उघडून किंचाळल्या, शाळेतल्या मुलीसारख्या. मग हसत सुटल्या. मी हाक मारायला तोंड उघडलं, पण पाळणा पुन्हा वर निघाला होता. बघता बघता त्या दिव्यांच्या वर गेल्या. मिस्टरांचा खांदा हलवून त्या त्यांना खाली पसरलेलं हैदराबाद दाखवत होत्या.